झोपलेली माती

हिराजीभाऊजींच्या घरात केर काढत, पण टाकत नसत. दारामागे गोड्या तेलाचा रिकामा डबा होता, केर त्यात जायचा. भाऊजी आंघोळीला घमेल्यात उभे राहायचे आणि ते पाणीसुद्धा फडक्यातून गाळायचे. बाहेरून आले की ओटीवर जुनी चादर पसरून तिच्यावर सदरा झटकायचे, टोपी झटकायचे, चपलांचे तळवे एकमेकांवर आपटायचे आणि मगच उंबरा ओलांडायचे. मी लग्न होऊन काल्हेरला आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटलं, शेजारच्या माणसाच्या डोक्यावर काहीतरी परिणाम झालाय. सासूबाईंना विचारलं, तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "येडा न्हाय गो. तो न्यारं करतो."

न्यारं म्हणजे काय, ते मला कळायला आणखी महिना गेला. सोनाराच्या दुकानात कानस चालते, करवत चालते. सोन्याचा कीस उडतो, तो चटईला चिकटतो, कारागिराच्या पायाला, केसांना, हात धुवायच्या पाण्यात. तो केर, ती राख, ते पाणी विकत घ्यायचं आणि धुऊन त्यातलं सोनं वेगळं काढायचं, म्हणजे न्यारं करायचं. भिवंडीच्या सोनारगल्लीत रहमतचाचा म्हणून एक म्हातारे हे काम करायचे. भाऊजी लूमवर कामाला म्हणून गेले होते, तिथला खडखडाट सोसला नाही म्हणून बाहेर पडले, आणि चाचांच्या अंगणात पाणी प्यायला थांबले ते तीस वर्षं. आमच्या आगऱ्यांत हा धंदा कुणी केलेला नव्हता. मिठागर, रेती, भातशेती हे आमचं. गावाने त्यांचं नावच न्यारे करून टाकलं. पोस्टमनला तर ते आडनाव वाटायचं.

उंच, वाकलेला, कायम खाली बघत चालणारा माणूस. बोटं तेजाबाने पिवळी पडलेली, हळदीच्या नवरदेवासारखी. नाकाला वास कसला तो येत नसे. भात करपला तरी हे शांत.

एकदा आमच्या लग्नघरी सोनारगल्लीतले दोन कारागीर जेवायला आले. भाऊजी तांब्या घेऊन पुढे. "या, हात धुवा." आणि खाली घमेलं धरलेलं. कारागीर हसायला लागला. "काय न्यारे, जेवायला बोलावलंय का धुवायला?"

"तुमी जेवा पोटभर," भाऊजी म्हणाले, "नखं तेवढी नीट चोळा."

त्यांची बायको गोमती. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बोलायला माझ्याहून दोन पावलं पुढे. ती तिथूनच ओरडली, "केस पन धुवून घे त्यांचे! आन् सुकवून पाठव!"

माती धुवायची त्यांची पाटी शिसवी होती, उथळ, परातीसारखी, मधे किंचित खोलगट. चाचांनी दिलेली. त्या पाटीत माती घ्यायची, पाण्यात धरायची आणि गोल गोल फिरवायची. हलकं ते पाण्याबरोबर जातं, जड ते मधे येऊन बसतं. मी कितीदा बघत उभी राहिले असेन. चिखलाचा गोळा बघता बघता उतरत जायचा आणि शेवटी काळ्या रेतीची एक रेघ उरायची, तिच्या टोकाला पिवळा चुरा. भाऊजी पाटी कधी पालथी ठेवत नसत. धुतलेलीही नाही. पावसात ओटीवर राहिली तर पाणी साठेल पण उताणीच. कुणी पोराने पालथी केली की हा शांत माणूस ओरडायचा. "पालथी न्हाय! पालथ्या पाटीत काय राहील?"

धुऊन झालेली माती मात्र ते टाकत नसत. घरामागे भाऊबंदांच्या सामायिक जमिनीतली मोकळी जागा होती, तिथे तिचा ढीग. मी आले तेव्हा कमरेएवढा होता, पुढे माणूसभर उंच झाला. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, मेलेली माती कशाला साठवता?" त्यांना वाईट वाटल्यासारखं झालं.

"वयनी, माती मरत न्हाय. चाचा सांगायचा, मिट्टी सोती है. हाय अजून त्यात. पाण्यानं उठत न्हाय एवढंच."

हे झोपणं त्यांच्या तोंडात कायमचं बसलं. माझी धाकटी दहावीला गणितात गेली, घरात रडारड, तर हे खिडकीतून म्हणतात, "नापास न्हाय ती. झोपलीय." जावयाचा लूम बंद पडला, "झोपलाय." गोमती म्हणायची, "ह्यांच्या हिशेबानं गावात जागी फक्त मी."

आणि एक नेम त्यांचा. स्मशानातली राख घ्यायची नाही. आपल्यात माणूस गेलं की तोंडात तुळशीचं पान आणि सोन्याचा कण घालतात, तो राखेतच जातो. काही न्यारेवाले ती राख उचलायचे. एक जण भाऊजींना भागीत घ्यायला आला होता. भाऊजींनी त्याला चहा पाजला, आणि चहा संपल्यावर म्हणाले, "जाताना त्यांनी तेवढंच नेलंय. तेवढं तरी त्यांचं राहू दे. परत नको येऊस."

आता ते सांगायला हवं, ज्यासाठी मी लिहायला बसले.

गोमती नवऱ्याबरोबर माती चाळायची. एके दिवशी चाळताना तिच्या मंगळसूत्राचा दोरा तुटला. काळे मणी पदरात गोळा केले, आणि दोन सोन्याच्या वाट्या हरवू नयेत म्हणून फळीवरच्या चिनीमातीच्या वाडग्यात ठेवल्या. वाडग्यात चिमूटभर मळकट कीस होता. तिला वाटलं, इथे सांभाळून राहतील. दुसऱ्या कुठल्या घरात ही जागा सगळ्यांत सांभाळायची असती. या घरात तो वाडगा तेजाबाचा होता. चाचा ज्याला सुलतानी तेजाब म्हणायचे, सोनंसुद्धा विरघळवणारं, ते भाऊजी त्या वाडग्यात घालायचे आणि मळ काढून चोख सोनं परत खाली बसवायचे. सकाळी त्यांनी फळीवरून वाडगा घेतला, न बघता तेजाब ओतलं आणि भिवंडीला निघून गेले.

संध्याकाळी आले तर वाडग्यात पिवळंधमक पाणी. भाऊजी खूश. वाडगा घेऊन मागच्या दारी निघाले आणि गोमतीला म्हणाले, "आज माल बरा उतरला गो."

तिने फळीकडे बघितलं. मग ती जी किंचाळली ती मला माझ्या चुलीपाशी ऐकू आली. मी धावले तर दोघं ढिगापाशी. वाडगा ढिगावर उपडा पडलेला, आणि माती फसफसत होती.

तो कसा पडला यावर त्या दोघांचं पुढे वीस वर्षं भांडण चाललं. भाऊजी म्हणायचे, हिनं माझा हात ओढला. ती म्हणायची, मी हात लावलाच नाही, तुझाच हात थरथरला. पाणी नुसतं वाडग्यात राहिलं असतं तर भाऊजींनी सोनं सहज परत बसवलं असतं. ते गेलं मातीत. त्यांनी फावडं घेतलं, पडल्या जागेची माती उचलली, धुतली, काही नाही. बाजूची धुतली. मग खालची. महिनाभर धुंडत होते, आणि धुंडता धुंडता त्यांनी सगळा ढीग वरचा खाली, खालचा वर करून टाकला. वीतभर जागेतलं सोनं त्यांनी आपल्याच हाताने माणूसभर ढिगात पसरवलं. हे त्यांच्या लक्षात आलं त्या दिवशी ते ढिगाजवळ दिवसभर बसून होते, जेवायलाही उठले नाहीत.

त्यांनी नव्या वाट्या आणल्या. गोमतीने हात लावला नाही. "ह्या माझ्या न्हाईत. माझ्या आयेनं सुकी मासळी डोक्यावर घेऊन अंबाडीच्या बाजारापर्यंत पायी जाऊन केलेल्या त्या. त्या आण." पहिल्यांदा रागात म्हणाली, मग थट्टेत, मग सवयीने. गळ्यात नुसते काळे मणी. हळदीकुंकवाला बायका कुजबुजायच्या, तर ही मोठ्यानं सांगायची, "वाट्या मागल्या दारी झोपल्यात. उठल्या की घालीन."

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्या काल्हेरला गोदामं उठायला लागली होती. कालपर्यंत भात होता तिथे आज पत्र्याची शेड, ट्रकांच्या रांगा. भाऊजींच्या चुलतभावांनी जमीन विकली, घरामागची जागाही त्यातच गेली. गोदामवाल्याचा माणूस येऊन सांगून गेला, दिवाळी झाली की जेसीबी येणार, ढीग भरावाला जाणार. आणि त्याच पावसाळ्यात गोमतीच्या अंगावर सूज चढली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेली, दिवाळी बघेल तर नशीब. भाऊजींचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता. दोन्हीकडून एकच तारीख धावत आल्यासारखी.

गोमती खाटेवर उठून बसली आणि माझ्यासमोर त्यांना म्हणाली, "ऐक. मी जाईन तवा तोंडात दुसऱ्या कुनाचं सोनं घालायचं न्हाय. आयेचं आनलंस तर घाल. न्हाय तर नुस्ती तुळस. ताई, तू साक्षी."

मी म्हटलं, "काय अभद्र बोलतेस गो!"

"अभद्र न्हाय. ह्याला काम देतंय. न्हाय तर हा माझ्या पायाशी बसून नुस्ता रडंल."

शेजारच्या गोदामावर स्वामी म्हणून वॉचमन होता, दक्षिणेकडचा. तिकडे सोन्याच्या खाणीत आयुष्य गेलेलं, खाण बंद पडली म्हणून उतारवयात इथे शिट्टी घेऊन बसलेला. भाऊजी त्याला बिडी द्यायचे. एकदा त्याने ढिगाची माती चिमटीत घेतली, चोळली आणि म्हणाला, "ये पानी से नहीं आएगा. इसको सलाइन लगाना पडता."

भाऊजींना वाटलं थट्टा करतो. पण तो ओटीवर बसून समजावून सांगायला लागला. ज्या दगडात सोनं इतकं थोडं असतं की दळून धुणं परवडत नाही, त्याचा त्यांच्याकडे डोंगर रचायचे. खाली जाड प्लास्टिक, उतार एका बाजूला. वरून औषधाचं पाणी थेंब थेंब सोडायचं. "बूंद अंदर जाता, सोना पकडता, नीचे लाता. नीचे नारियल का कोयला. कोयला सोना को पकड लेता. फिर कोयला जलाओ."

"किती दिवस?"

"पहाड जल्दी नहीं करता. तीन महिना, चार महिना."

भाऊजींनी बोटं मोजली. दिवाळीला तीन महिनेसुद्धा नव्हते. "लावू," ते म्हणाले. मराठीतच म्हणाले, पण स्वामीला कळलं.

ते औषध म्हणजे विष. मुलाम्याच्या कारखान्यात वापरतात तसलं. त्यांनी कुठून आणलं ते मला सांगितलं नाही. स्वामीने मात्र त्यांना देवळात नेऊन शपथ घ्यायला लावली की त्याच्याशिवाय डब्याला हात लावणार नाही. प्लास्टिक दुहेरी घातलं, भोवती काट्यांचं कुंपण केलं. मग ढीग रचला आणि वरून आधी नुसतं पाणी सोडून बघितलं.

पाणी वरच साचलं. दोन दिवस झाले तरी खाली थेंब नाही. तीस वर्षं धुतलेली माती ती, पिठासारखी मऊ. वर तळं, खाली कोरडं. भाऊजी कुंपणाशी उकिडवे बसले आणि मोठी माणसं रडतात तसे नाही, तर लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. "झोपली न्हाय वयनी," ते म्हणाले, "दार लावून घेतलंय तिनं."

 स्वामी डोकं खाजवत होता. "उधर पत्थर था, इसलिए..." आणि एकदम उठला. "लड्डू! उधर भी बारीक मट्टी का लड्डू बनाते थे!"

तर मंडळी, आम्ही लाडू वळले. मातीत थोडं सिमेंट, थोडा चुना, पाण्याचा शिपका, आणि लिंबाएवढे गोळे. गोळ्यांच्या मधे फट राहते, त्या फटीतून पाणी उतरतं, एवढीच ती युक्ती. मी, माझ्या दोन्ही सुना, गल्लीतल्या पाच-सहा बायका. सकाळी घरची कामं उरकली की सगळ्या मागच्या दारी. हाताला चुन्याने चिरा पडल्या, मग प्लास्टिकच्या पिशव्या हातात घातल्या. गोमतीची खाट दारात आणून ठेवली होती. ती देखरेख करायची. "शारदे, तुझे मोठे व्हतात! बारशाचे न्हाय वळायचे!" आणि भाऊजींकडे बघून, "माझ्या लग्नात एवढे लाडू न्हवते रे. तुझ्या बापानं बुंदीवर भागवलं."

एकदा मी गोळा वळताना न राहवून विचारलं, "पण गोमे, ढिगात तीस वर्षांचं सोनं. कुणाकुणाच्या बांगड्यांचा कीस, कुणाच्या नथीचा. त्यातलं तुझ्या आईचं कुठलं, ते कसं कळणार?"

ती हसली. सुजलेल्या तोंडावर ते हसू विचित्र दिसलं. "मी बी हेच म्हनलं त्याला. सगळ्या भिवंडीच्या बाया झोपल्यात तिथं. तर हा काय म्हनतो? म्हनतो, न्यारं करायचं माझं कामच हाय."

ढीग पुन्हा उभा राहिला. थेंब सोडायला नळ्या हव्या होत्या. भाऊजी दवाखान्यात गोमतीच्या उशाशी बसायचे तेव्हा सलाइनच्या चाकाकडे बघत राहायचे, ज्याने थेंब कमीजास्त होतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी औषधांच्या दुकानातून चाळीस नळ्या मागितल्या. दुकानदाराने विचारलं, "काका, घरात किती जण आजारी आहेत?" घरी आल्यावर गोमती म्हणाली, "मला एक बाटली, मातीला चाळीस. कोनाची बायको मी, कळंना झालंय."

औषध सुरू झालं. खाली नळाच्या तोंडाशी कोळशाचं पिंप, त्यातून गळून पाणी टाकीत, टाकीतून परत वर. आठ दिवसांत माझी एक कोंबडी कुंपणातून आत शिरली आणि टाकीपाशी मरून पडली. गावात बोंब झाली. खालच्या अंगाला विहीर. बायका माझ्याकडे आल्या. मीही भ्याले होते, खोटं कशाला सांगू. मी गेले आणि म्हटलं, "भाऊजी, पुरे. एका मंगळसूत्रासाठी गाव मारणार का?"

 कोंबडी त्यांनी लांब नेऊन पुरली, कुंपणाला बारीक जाळी ठोकली. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज उजाडताना, कुणी घागर बुडवण्याआधी, ते विहिरीवर जायचे. सगळ्या बायकांसमोर पहिला तांब्या काढायचे आणि उभ्याने घटाघट प्यायचे. मग काठावर बसायचे. अर्धा तास. आम्ही बघत उभ्या. अर्ध्या तासाने म्हणायचे, "भरा." असे पन्नास-एक दिवस. एकदा मी हळूच म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला काही झालं असतं तर?" तर म्हणाले, "तर तुमाला कळलं असतं, वयनी." एवढं साधं.

तिकडे गोमती उतरत चालली होती. थट्टा कमी झाली. दिवसातून एकदाच विचारायची, "उठल्या का रं?" ते म्हणायचे, "कूस बदलली." दिवाळी आली तशी गेली, गल्लीत तेवढ्या एका घरात दिवा लागला नाही. जेसीबीवाला तारीख देऊन गेला. भाऊजींनी त्याच्या पायावर डोकं ठेवलं, मी डोळ्यांनी बघितलं. त्याने आठ दिवस वाढवून दिले. स्वामी म्हणाला, अजून दोन महिने पाहिजेत, अर्धंही उतरलं नसेल. पण विषासकट माती भरावाला जाऊ द्यायची नाही, यावर तो अडला. औषध बंद करून शेवटचे दिवस नुसतं पाणी सोडलं, ढीग धुतला, पाण्यातलं विष मारायची भुकटी टाकीत घातली. कोळसा काढून सुकत ठेवला.

कोळसा सुकायच्या आत गोमती गेली. सकाळी सातच्या सुमाराला, चहा मागितला आणि तो येईपर्यंत.

त्यांची एकुलती मुलगी अंबाडीच्या पलीकडे दिलेली. तिला निरोप गेला. ती निघाली, पण मानकोलीला ट्रकांची रांग, दोन-दोन तास गाडी हलेना. तिच्यासाठी थांबायचं ठरलं, म्हणून तेवढा तरी वेळ मिळाला. गोमतीला आम्ही न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, सवाष्ण गेलेली म्हणून मळवट भरला. गळ्यात ते काळे मणी.

आणि भाऊजी कुठे? मागच्या दारी. पत्र्यावर कोळसा पसरून त्यांनी पेटवला होता आणि फुंकणी घेऊन बसले होते.

गावातले जाणते कुजबुजायला लागले. बायको दारात आणि हा भट्टी फुंकतो. थोरले पाटीलबाबा माझ्यापाशी आले. "सून, तू सांग त्याला. सोन्याचं काय, कुनीबी कन देईल." मी माझ्या गळ्यातल्या पोतीतला एक सोन्याचा मणी तोडून मुठीत घेतला आणि मागे गेले. धुरात भाऊजींचा चेहरा काळा झाला होता. मी मूठ उघडली.

त्यांनी मण्याकडे बघितलं आणि मान हलवली. "तुमी साक्षी व्हता, वयनी."

मग मी काय करणार. मी त्यांच्याशेजारी बसले आणि दुसरी फुंकणी घेतली. कोळशाची राख व्हायला किती वेळ लागतो तुम्हाला माहीत नसेल. वरून पांढरा होतो, आत काळाच. परत परत उलथायचा. पाठीमागे बायकांचं रडणं, पुढे ती धग. एक वाजला, दोन वाजले. दोनदा माणूस येऊन म्हणाला, उरका. तिसऱ्यांदा कुणी आलं नाही. शेवटी ओंजळभर राख उरली. ती त्यांनी मुशीत घातली, वितळायला मदत म्हणून सवागीची पूड टाकली, शेगडीत मूस ठेवली आणि भाता मारायला लागले. तेवढ्यात मुलगी पोचली. तिचा हंबरडा ऐकू आला. भाऊजींचा हात थांबला नाही.

मूस निवल्यावर त्यांनी ती फोडली. काचेसारखा काळा तुकडा निघाला. तो हातोडीने हलकेच ठोकला. आत मोहरी. मोहरीएवढा पिवळा दाणा, त्याहून मोठा नाही. अडीच महिने, चाळीस नळ्या, अख्खी गल्ली, माझी कोंबडी, आणि हा दाणा.

ते उठले. वाट आपोआप झाली. पाटीलबाबा हळूच म्हणाले, "हिराजी, एवढंसं? आन् हे तिचंच, कशावरनं?"

"तिचंच हाय."

कुणी पुढे विचारलं नाही. ते तिच्या उशाशी गुडघ्यावर बसले. तुळशीच्या पानावर दाणा ठेवला. पिवळी बोटं इतकी थरथरत होती की मला वाटलं आता पडतो खाली, आता पुन्हा सगळं शोधायचं. मी खाली ओंजळ धरली. पण नाही पडला. त्यांनी तो तिच्या ओठांत सरकवला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले. मी ओंजळ धरून होते म्हणून मला ऐकू आलं.

"माझ्याच हातानं सांडलं व्हतं गो. तू न्हवता वढला हात."

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. आमचे लाडू चार फेऱ्यांत उचलून नेले. आज तिथे गोदाम आहे, आत काय ठेवतात मला ठाऊक नाही. भाऊजी पंधरवड्याने मुलीकडे राहायला गेले आणि परत आले नाहीत. पण माझ्या डोळ्यांपुढे जे राहिलेत ते तिसऱ्या दिवशीचे.

आमच्यात राख सावडायला बायका जात नाहीत. पण स्मशान खाडीच्या कडेला, बांधावरून सगळं दिसतं. मी मुलीला धरून बांधावर उभी होते. भाऊजींनी राख भरायला मडकं घेतलं नव्हतं. शिसवी पाटी आणली होती. पाटीत राख घेतली आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरले. पाटी पाण्याला लागली आणि हात फिरायला लागले. गोल, गोल. मला वाटतं त्यांनी ते ठरवून केलं नसावं. तीस वर्षांची सवय, हातांना काय कळतं कोणाची राख आहे ते. हलकं ते पाण्याबरोबर पसरत गेलं, करडा डाग मोठा होत होत ओहोटीला लागला. पाटीत आता फार काही उरलं नसणार.

हात थांबले. ते वाकून पाटीत बघत राहिले. खूप वेळ. काठावरचे भाऊबंद एकमेकांकडे बघायला लागले. मुलीने माझा हात घट्ट धरला.

मग त्यांनी पाटी पालथी केली. तळावर दोनदा थाप मारली, काही चिकटून राहू नये म्हणून. आणि वर चढून आले ते बांधाकडे न बघताच घराच्या वाटेला लागले, ऊन चढलं होतं म्हणून ती पाटी डोक्यावर घेऊन, पालथीच.